तुटपुंज्या पगारात दोन लहान मुले : नेमका कोणता खर्च कमी करावा?

प्रश्न – सिडको, नाशिक

सर्वांना सविनय नमस्कार. घरखर्चाचा प्रश्न असा चारचौघांत मांडताना संकोच वाटतो, पण गेले चार महिने रोज रात्री वही उघडून बसते आणि काहीच मार्ग सापडत नाही, म्हणून लिहीत आहे.

माझे पती अंबड औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहेत. त्यांचा एकूण पगार २०,५०० रुपये असून कपाती जाऊन हातात साधारण १८,३०० रुपये येतात. माझ्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये जमा होतात. मुलगी साडेतीन वर्षांची आणि मुलगा नऊ महिन्यांचा आहे. मी लग्नाआधी एका दुकानात हिशेब लिहीत असे, परंतु सध्या मुलांना सांभाळणारे दुसरे कोणी नसल्याने घरीच आहे.

दरमहा खर्च असा होतो : खोलीचे भाडे ५,५००, वीज ७००, गॅस ९००, दूध १,८००, किराणा ४,५००, भाजी व अंडी १,५००, पेट्रोल १,२००, दोघांचे मोबाइल रिचार्ज ६००, डायपर वगैरे १,३००, मुलीच्या दुधात घालायची पावडर ६५०, डॉक्टर व औषधे सरासरी १,०००, फ्रिजचा हप्ता १,४५० आणि गावी सासू-सासऱ्यांना १,०००. एकूण २२,१०० रुपये होतात, म्हणजे दर महिन्याला २,३०० रुपये कमी पडतात. ते किराणा दुकानाच्या उधारीत जातात आणि आता त्या वहीतील आकडा ७,००० च्या वर गेला आहे.

त्यात दोन नवे खर्च समोर उभे आहेत. जवळच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेने नर्सरीसाठी २४,००० रुपये शुल्क सांगितले असून गणवेश आणि पुस्तकांचे ४,५०० वेगळे द्यायचे आहेत. शेजारच्या सर्व मुली तिथेच जातात. दुसरे म्हणजे बाळाचे नवव्या महिन्याचे लसीकरण आले आहे आणि खासगी दवाखान्यात त्याचा खर्च काही हजारांच्या घरात सांगितला आहे. मी माझ्यापरीने जमेल तिथे काटकसर केली आहे. कपडे घेतलेले नाहीत, अंडी फक्त मुलीला आणि पतींना देते, मी स्वतः दूध व डाळ घेणे जवळपास बंद केले आहे आणि सर्वांचे झाल्यावर जे उरेल त्यात भागवते. पतींकडे अनुसूचित जमातीचा दाखला आहे, पण त्याचा मुलीच्या शाळेसाठी काही उपयोग होतो का, हे आम्हाला कोणी सांगितलेले नाही. आणखी कुठे हात आखडता घेता येईल, ते कृपया सुचवावे.

उत्तर – वेतन विभागातील कर्मचारी, चिंचवड

ताई, आपण हिशेब फार व्यवस्थित मांडला आहे. त्यामुळे मी थेट एका ओळीकडे येतो : डॉक्टर व औषधे, १,००० रुपये.

आपल्या पतींची वेतनचिठ्ठी काढून पाहा. एकूण वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना त्या कायद्याखाली येत असेल, तर कामगार राज्य विमा योजनेसाठी कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के रक्कम भरावी लागते. २०,५०० रुपयांवर कामगाराचा वाटा १५४ रुपये होतो. कपातीच्या रकान्यात ‘ईएसआय’ या नावाखाली हा आकडा दिसला, तर आपले संपूर्ण कुटुंब, म्हणजे आपण, दोन्ही मुले आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले अवलंबून आई-वडील, विमा दवाखान्यात आणि रुग्णालयात उपचार घेऊ शकता. नाशिकमध्ये सातपूरला या योजनेचे रुग्णालय आहे. ही रक्कम कापली जाते आणि तरी कुटुंब खासगी दवाखान्यात दर फेरीला दोन-तीनशे रुपये मोजते, असे मी माझ्या टेबलावरून वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मला त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण हा कामगाराचा स्वतःच्या पैशाने मिळवलेला हक्क आहे.

बहुतेकांचे अडते ते नोंदणीत. कामावर लागताना पतींनी कुटुंबाची माहिती दिली असेल, पण नऊ महिन्यांपूर्वी जन्मलेल्या मुलाचे नाव त्यात नसण्याचीच शक्यता जास्त आहे. कंत्राटदाराच्या कार्यालयातून विमा क्रमांक घ्यावा, मुलाचा जन्मदाखला देऊन त्याचे नाव चढवून घ्यावे आणि कुटुंबाच्या नावांसह ओळखपत्राची प्रत छापून घरात ठेवावी. कंत्राटदार टाळाटाळ करू लागला, तर पतींनी विमा क्रमांक आणि वेतनचिठ्ठी घेऊन स्वतः महामंडळाच्या शाखा कार्यालयात जावे. पती आजारी पडून कामावर जाऊ शकले नाहीत, तर ठरावीक दिवसांचे अंशदान भरलेले असल्यास वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपणाचा लाभही मिळतो. ज्या घरात एकाच्याच पगारावर चौघे जगतात, तिथे हे माहीत असलेच पाहिजे.

सासू-सासऱ्यांची औषधे चालू असतील आणि ती या योजनेतून मिळू लागली, तर गावी पाठवायच्या रकमेचाही पुन्हा विचार करता येईल, असे मला वाटते.

उत्तर – निवृत्त अंगणवाडी सेविका, रत्नागिरी जिल्हा

मी २९ वर्षे अंगणवाडीत काम केले. तुमचा सगळा हिशेब वाचला आणि माझी नजर एकाच वाक्यावर थांबली. ‘मी स्वतः दूध व डाळ घेणे जवळपास बंद केले आहे’, हे तुम्ही काटकसर म्हणून लिहिले आहे. लेकी, तुमचे बाळ नऊ महिन्यांचे आहे आणि ते अंगावर पीत असणार, असे मी धरून चालते. सहा ते बारा महिन्यांच्या बाळाला पाजणाऱ्या आईला नेहमीच्या आहाराहून रोज ५२० कॅलरी जास्त लागतात, असे आपल्या देशातील आहारशास्त्रज्ञांचे प्रमाण आहे. ते काही महागडे खाणे नाही : एक जादा भाकरी, एक वाटी घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो आकडा ५४.२ टक्के होता. या आकड्यामागची बाई मी घराघरांत पाहिली आहे. ती सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेले पुसून खात असे आणि दुपारी चक्कर येते म्हणून भिंतीला धरून उभी राहत असे. तेव्हा पहिली गोष्ट ही, की तुमच्या ताटातून जे काढले आहे ते परत ठेवा आणि बाकीचा हिशेब त्यानंतर करा.

आता अंगणवाडीबद्दल. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अजूनही पुष्कळ घरांना वाटते की ती फक्त अगदी गरिबांची आहे. तसे मुळीच नाही. शहरातही अंगणवाड्या आहेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे गरम ताजा आहार आणि पूर्वप्राथमिक शिक्षण मिळते. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना घरी नेण्यासाठी आहार मिळतो आणि दर महिन्याला वजन घेतले जाते. तुमच्याकडे माता व बाल संरक्षण कार्ड असेल, त्यात वाढीचा आलेख आहे. त्यातील ठिपके हिरव्या पट्ट्यात वर चढत आहेत की आडवे झाले आहेत, एवढे पाहायला शिका. कोणत्याही पावडरीच्या जाहिरातीपेक्षा तो आलेख तुम्हाला खरे सांगेल.

पावडर मात्र बंद करा. ‘हेल्थ ड्रिंक’ असा कोणताही प्रकार आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही. म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेये त्या वर्गातून काढायला सांगितले. त्यांतील अनेकांत साखरच भरपूर असते. त्याऐवजी नाचणीचे सत्त्व घरी करावे. नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालावी. सकाळी पाणी काढून ओल्या सुती फडक्यात बांधून ठेवावी आणि फडके सुकू लागले की पाणी शिंपडावे. दीड-दोन दिवसांत पांढरे बारीक मोड दिसतात. मग सावलीत पसरून पूर्ण वाळवावी, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत परतावी, दळावी आणि बारीक फडक्यातून वस्त्रगाळ करावी. ओलसरपणा राहिला तर आठ दिवसांत वास येतो, म्हणून वाळवण्यात घाई करू नये. बाळासाठी दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून मग शिजवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. वरून अर्धा चमचा तूप घालावे. पेज चमच्यावरून ओघळून जाईल इतकी पातळ ठेवू नये, कारण पातळ पेजेने पोट भरते पण अंगाला काही लागत नाही. बाळाला वर्षाच्या आत मध देऊ नये, गाईम्हशीचे दूध मुख्य अन्न म्हणून देऊ नये आणि बिस्किटाची सवय लावू नये.

लसीकरणासाठी खासगी दवाखान्यात जाण्याची गरज नाही. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची पहिली मात्रा, न्यूमोकोकल लसीचा बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनची तिसरी मात्रा आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो. हे सर्व महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत दिले जाते. न्यूमोकोकलची लस तिथे मिळत नाही, असा समज जुना आहे. ती २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली आहे. लोहाचे सिरपही आशा ताईंकडे मागावे, ते सहा महिन्यांपुढील बाळांना आठवड्यातून दोनदा देतात.

वरच्या दादांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. गावचे १,००० रुपये बंद करू नका. उद्या तुम्ही कामाला निघालात, तर मुले याच आजी-आजोबांच्या मांडीवर वाढणार आहेत.

प्रश्नकर्ती – सिडको, नाशिक

काकू, आपले उत्तर मी दोनदा वाचले. बाळ अंगावरच पिते. आमचे गाव पेठ तालुक्यात आहे आणि आमच्याकडे नाचणीला नागली म्हणतात. सासूबाईंनी दिवाळीत दिलेली दहा किलो नागली पलंगाखाली डब्यात तशीच पडून आहे, कारण मुलगी काळी भाकरी खात नाही. तिच्याच शेजारी मी ६५० रुपयांच्या पावडरीचे डबे रचून ठेवत होते. सत्त्व करण्याचे माझ्या मनातच आले नाही.

उत्तर – किराणा दुकानदार, सांगली

मी स्वतः उधारीची वही ठेवतो, म्हणून दुकानाच्या आतल्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

वहीवर माल नेणारे गिऱ्हाईक भाव विचारत नाही. मागची बाकी असल्याने त्याला विचारण्याचा संकोच वाटतो आणि सुटी डाळ मागायलाही ते कचरते. त्यामुळे समोर येईल ते पाकीट उचलले जाते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उधारीची खरेदी रोज थोडी थोडी होते. एक रुपयाची शाम्पूची पुडी, पाच रुपयांचे बिस्कीट, दहा रुपयांचे तेल. दिवसाला दोन बिस्किटांचे पुडे धरले तरी महिन्याला ३०० रुपये होतात. तेवढ्यात दीड किलो शेंगदाणे आणि किलोभर गूळ सहज येतो. भाव गावोगाव थोडा कमी-जास्त असेल, पण हिशेब फारसा बदलणार नाही. शेंगदाणे भाजून, सोलून, जाडसर कुटून गुळात वळलेला लाडू साडेतीन वर्षांच्या मुलीच्या हातात द्या. बाळाला मात्र अख्खा दाणा कधीही देऊ नका, तो घशात अडकतो.

पगाराच्या दिवशी महिन्याची यादी करून एकदाच माल भरावा आणि तो रोखीने घ्यावा. जुन्या वहीसाठी दुकानदाराला स्पष्ट सांगावे की यापुढे नवी उधारी करणार नाही आणि जुन्यापैकी दरमहा ५०० रुपये देत जाईन. असे सांगणाऱ्या माणसाला दुकानदार कधी तोंड वाकडे करत नाही, कारण त्याला बुडीत खात्याची धास्ती जास्त असते. ही वही फेडण्यासाठी भिशी उचलू नका किंवा शेकडा दोनने कर्ज काढू नका. महिन्याला शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के होतात, तर दुकानदार आपल्याकडून व्याज घेत नाही.

नवीन तूर आणि गहू बाजारात आला की गावाकडून थेट आणता आला तर पाहावे. आपण पेठच्या आहात म्हणता, तर तांदूळ आणि नागली तरी विकत घेऊ नये.

उत्तर – दोन मुलांचा बाप, ठाणे

डायपरबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमच्या दुसऱ्या मुलाच्या वेळी आम्ही दिवसा जुन्या सुती साड्यांचे लंगोट आणि रात्री एकच डायपर असे ठरवले. महिन्याचा खर्च साधारण ३०० रुपयांवर आला आणि मांड्यांवरचे लाल चट्टेही गेले. पण हे सांगताना एक गोष्ट लपवता कामा नये : रोज पंधरा-वीस लंगोट धुवावे लागतात. हे काम जर एकट्या आईवर पडणार असेल, तर ती बचत तिच्या कंबरेतून वसूल होते. आमच्या घरी पाळीवरून आलो की बादली मी घेत असे. आपल्या पतींशी हे आधी बोलून घ्यावे आणि पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत तेव्हा हट्ट धरू नये.

आता शाळा. माझा मोठा मुलगा शिक्षण हक्क कायद्यातून शिकतो. २००९ च्या या कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. आर्थिक दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असावे लागते, त्यात आपण बसत नाही. मात्र अनुसूचित जमातीसह वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे आपल्या पतींचा तो दाखला इथे थेट उपयोगी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना यातून वगळण्याचा नियम केला होता. तो त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला.

अर्ज ऑनलाइन असतो आणि सोडत निघते, त्यामुळे जागा मिळेलच याची खात्री नाही. घरापासून एक किलोमीटरच्या आतल्या शाळांना आधी प्राधान्य मिळते. काही शाळांत हा प्रवेश नर्सरीपासून, तर बहुतेक ठिकाणी पहिलीपासून असतो. भाड्याने राहणाऱ्यांचे अर्ज बहुतेक वेळा एकाच कागदावर बाद होतात. भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला आणि अर्जाच्या तारखेच्या आधीचा असावा लागतो, नोटरीचा शिक्का चालत नाही. आमचा पहिला अर्ज याच कारणाने गेला आणि एक वर्ष वाया गेले. तेव्हा घरमालकांशी आत्ताच बोला.

तोवर मुलीला अंगणवाडीत बसवण्यात काहीही कमीपणा नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीला गाणी, गोष्टी, मणी ओवणे आणि चार मुलांत डबा खाणे एवढेच शिकायचे असते. त्यासाठी २८,५०० रुपये, म्हणजे आपल्या पतींचा दीड महिन्याचा पगार, देणे मला पटत नाही.

प्रश्नकर्ती – सिडको, नाशिक (सात आठवड्यांनंतर)

आपण सर्वांनी अनोळखी बाईसाठी इतका वेळ दिलात, म्हणून पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

वेतनचिठ्ठीवर १५४ रुपयांची कपात खरोखरच होती. दोन वर्षे ती कापली जात होती आणि आम्ही कधी विचारले नव्हते. बाळाचे नाव चढवायला पतींना तीन फेऱ्या माराव्या लागल्या. मागच्या आठवड्यात मुलीला ताप आला तेव्हा तिला सातपूरला नेले, औषधेही तिथेच मिळाली. बाळाच्या लसी महापालिकेच्या केंद्रात झाल्या. अंगणवाडीत त्याचे वजन ७.८ किलो भरले. ठिपका हिरव्या पट्ट्यात आहे, पण खालच्या बाजूला, म्हणून सेविका ताईंनी दर महिन्याला न चुकता यायला सांगितले आहे.

नागलीच्या सत्त्वाचा पहिला प्रयत्न फसला. मी नीट वाळवले नाही आणि काकूंनी लिहिल्याप्रमाणे त्याला वास आला. दुसऱ्या वेळी सासूबाई चार दिवस राहायला आल्या होत्या, त्यांनी गच्चीवर सावलीला पसरून दिले. मुलगी ते गूळ घालून पिते. भाकरी मात्र अजूनही खात नाही. लंगोटांची बादली रविवारी आणि रात्रपाळीच्या आठवड्यात पती घेतात, इतर दिवशी माझ्याकडेच असते.

खर्चाचे सांगायचे तर पावडर, बिस्किटे, डायपर आणि दवाखाना मिळून महिन्याला साधारण २,६०० रुपये वाचत आहेत. त्यातले ५०० दुकानाच्या वहीत जातात आणि माझ्या डाळ-अंड्यांचे ४०० वेगळे धरले आहेत. पूर्वीची २,३०० ची तूट लक्षात घेता हिशेब अजून ६०० रुपयांनी कमीच पडतो, पण ते मी आता लपवत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघे मिळून वही वाचतो. फ्रिजचे चार हप्ते राहिले आहेत, त्यानंतर मोकळे होऊ.

मुलगी अंगणवाडीत जाते. घरमालक नोंदणीकृत करारासाठी तयार झाले आहेत, मात्र त्याचा निम्मा खर्च आम्ही करावा असे ते म्हणतात. ठाण्याच्या दादांनी कृपया एवढे सांगावे, की करारावर फक्त पतींचे नाव असले तर अर्जाला चालते, की माझेही घालून घ्यावे?

उत्तर – दोन मुलांचा बाप, ठाणे

आमच्या करारावर फक्त माझे नाव होते आणि ते मान्य झाले. तरीही दोघांची नावे घालून घ्या, त्याला वेगळा खर्च येत नाही. सही करण्यापूर्वी पत्ता आधार कार्डावरील पत्त्याशी अक्षरशः जुळतो का, ते तपासा.